केसाळ कातड्याचे स्पोरन घरी शिवताना : आधी पिशवी, मग फर

आरी-दाभण (धागाकर्ता)

किल्टला, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या चुणीदार घागऱ्याला, खिसा नसतो, म्हणून पैसे, किल्ल्या आणि अलीकडे मोबाइल ठेवण्यासाठी कमरेपुढे जी पिशवी लटकवतात ती स्पोरन, एवढे स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना ठाऊक असतेच. फरचे स्पोरन घरी करता येईल का, अशी विचारणा या मंचावर अधूनमधून होत असते. करता येते. मात्र विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधी सुंदरसे कातडे विकत घेतलेले असते आणि पिशवीचा विचार नंतर केलेला असतो. हा क्रम उलटा आहे आणि फसलेल्या बहुतेक स्पोरनांचे मूळ याच उलट्या क्रमात सापडते, म्हणून हा चर्चेचा धागा काढला आहे.

मुळात ही वस्तू पिशवीच होती. जुनी स्पोरने हरणाच्या किंवा वासराच्या साध्या कातड्याची असत आणि तोंडाशी ओवलेली वादी ओढून ती आवळली जात. पुढे तोंडाला पितळी चौकट आली, जिला कँटल म्हणतात. १७४६ च्या कायद्याने हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातल्या, पुरुषांच्या पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. सैन्यातल्या हायलँड पलटणींना मात्र किल्टची मुभा होती आणि लांब केसांची, गोंडे लावलेली डौलदार स्पोरने प्रामुख्याने तेथूनच पुढे आली. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हापासून हा पोशाख प्रतिष्ठेचा झाला, आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात तर स्पोरनाचे केस गुडघ्यापर्यंत पोचले. थोडक्यात, फरचा थाट पिशवीवर नंतर चढला आहे, आणि शिवतानाही त्याच क्रमाने जाणे हिताचे ठरते.

म्हणून प्रथम पुठ्ठ्याचा नमुना करावा. साधारण १९ सेंटिमीटर रुंद, २१ सेंटिमीटर उंच आणि ४ सेंटिमीटर खोल हे माप मध्यम बांध्याच्या माणसाला शोभते. हा नमुना दोरीने कमरेला बांधून, किल्ट घालून आरशासमोर उभे राहावे. कमरपट्ट्याच्या बकलाखाली सुमारे चार बोटे अंतर सोडून स्पोरनाची वरची कड यावी. बसून पाहावे, चालून पाहावे. माप नक्की झाले की पाठीमागच्या भागासाठी झाडाच्या सालीच्या अर्कात कमावलेले २ ते २.५ मिलिमीटर जाडीचे गाईचे चामडे घ्यावे आणि बगलपट्टीसाठी, म्हणजे पिशवीला खोली देणाऱ्या बाजूच्या पट्टीसाठी, त्याहून पातळ, सव्वा मिलिमीटरच्या आसपासचे. कमरेची वादी ज्या दोन पट्ट्यांमधून जाते त्या पट्ट्या पाठीच्या चामड्यालाच शिवून वर रिबिटाने पक्क्या कराव्यात, कारण सगळे वजन तेथे येते. फरवर कोणताही भार येता कामा नये.

आता कातडे. सशाचे कातडे हाताला लागले की मन मोहून जाते, परंतु ते कागदासारखे पातळ असते, टाक्याशी फाटते आणि घासल्या जागी त्याचे केस झडतात. हरणाचे केस आतून पोकळ असतात, त्यामुळे ते वाकले की तुटतात. बसता-उठता मांडीला घासणाऱ्या वस्तूसाठी ते कुचकामी आहे. माझ्या मते पहिल्या कामाला शेळीचे किंवा वासराचे केसांसकट कमावलेले कातडे सर्वांत भरवशाचे. वासराच्या कातड्याचे केस आखूड असल्याने शिवण सोपी जाते. शेळीच्या केसांना लांबी आणि चमक असते, पण शिवताना थोडा अधिक संयम लागतो.

कापण्याची रीत नीट समजून घ्यावी, कारण तेथे झालेले नुकसान भरून निघत नाही. केसांचा कल वरून खाली येईल अशा बेताने कातडे पालथे घालावे आणि नमुना मांसाच्या बाजूवर ठेवून पेनने आखावा. नमुन्याची डावी-उजवी बाजू उलटी होते हे ध्यानात ठेवावे. कात्री हातात घेऊ नये. कातडे डाव्या हाताने टेबलापासून बोटभर उचलून धरावे, म्हणजे खालचे केस मोकळे लोंबतात, आणि धारदार पात्याच्या केवळ टोकाने रेषेवर कातडीची जाडी तेवढी चिरत जावे. चीर पुरी झाली की दोन्ही तुकडे हलकेच ओढून वेगळे करावेत. एकमेकांत गुंतलेले केस आपोआप सुटतात आणि कडेचा एकही केस तुटलेला दिसत नाही. कात्रीने कापलेल्या तुकड्याच्या कडेला मात्र न्हाव्याने मशीन फिरवल्यासारखा पट्टा उमटतो आणि तो कधीच लपत नाही.

कापलेल्या फरच्या मागे एक मिलिमीटर जाडीचे पातळ चामडे डकवावे. पाण्यात मिसळणारा चामड्याचा डिंक अगदी पातळ लावावा. घट्ट सुकणारा डिंक भरपूर लावला तर दर्शनी भाग फळीसारखा ताठ होतो. शिवणीच्या कडेचे पाच मिलिमीटर केस कातडीलगत बारीक करून घ्यावेत. मग दर्शनी भाग आणि बगलपट्टी सुलट बाजू समोरासमोर ठेवून, उरलेले केस कंगव्याने आत सारून, मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने दोन सुया समोरासमोरून घालत शिवावे. टाके सुमारे चार मिलिमीटर अंतराने आरीने आधी टोचून घ्यावेत. ही शिवण झाली की पिशवी उलटवून सुलट करावी आणि दाभणाच्या टोकाने शिवणीत अडकलेले केस एकेक करून बाहेर काढावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण शिवण दिसेनाशी होते ती यामुळेच. पाठीचे जाड चामडे शेवटी बाहेरच्या बाजूने शिवावे. ते उलटवण्याचा प्रयत्न करू नये.

पहिल्या कामाला चामड्याचे झाकण आणि दाबाचे बटण पुरे. पितळी किंवा निकेलची तयार कँटल मिळते, पण तिच्या वळणाप्रमाणे दर्शनी भागाचे माप मिलिमीटरपर्यंत बसवावे लागते. प्राण्याचे डोकेच झाकण म्हणून वापरलेले जे स्पोरन असते, ते शिवणकामात मोडत नाही. मेलेल्या प्राण्यात भुसा भरून तो उभा करणाऱ्या कारागिराचे ते काम आहे, म्हणून त्याविषयी येथे लिहीत नाही.

शिवणटिपण

फार उपयुक्त लेख. आम्ही अबर्डीनजवळ राहतो. पुढच्या उन्हाळ्यात मुलाचे लग्न आहे आणि सूनबाई येथलीच असल्याने मुलगा किल्ट घालणार आहे. भाड्याच्या पोशाखाबरोबर येणारे स्पोरन त्याला पसंत नाही, म्हणून मी करून देईन असे म्हणून बसले आहे. शिवणकामाची सवय आहे, चामड्याची नाही. आमच्या ओळखीच्या खाटिकाने सशाची कातडी दिली आहेत, ती कच्चीच फ्रीजरमध्ये आहेत. आपण सशाविषयी जे लिहिले ते वाचून धास्ती वाटली. ती घरी कमावता येतील का, आणि आली तर त्यांचे काय करावे?

आरी-दाभण

ताई, फ्रीजरमध्ये ठेवलीत हे उत्तम केलेत. कच्चे कातडे उबेत राहिले तर केसांच्या मुळाशी जिवाणू वाढतात आणि केस झुबक्याने सुटू लागतात. कातडे वितळले की प्रथम हातमोजे घालून, पोटाकडच्या आणि पाठीकडच्या केसांना चिमटीत धरून हलका हिसका द्या. केस हातात आले तर तो तुकडा तेथेच बाजूला काढा, पुढची मेहनत वाया जाईल. मांसाच्या बाजूवर निळसर-काळे डाग दिसत असतील तर नवे केस उगवत होते असे समजावे. असे कातडे पुढे केस गाळते. हिवाळ्यात मारलेल्या सशाची कातडी म्हणूनच पसंत केली जाते.

घरगुती कामासाठी तुरटी आणि मीठ ही जुनी रीत आहे. सुमारे ४ लिटर पाण्यात ४५० ग्रॅम तुरटी विरघळवावी. दुसऱ्या भांड्यात २ लिटर पाण्यात २२५ ग्रॅम मीठ आणि ११५ ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून हे पाणी तुरटीच्या पाण्यात अतिशय सावकाश, सतत ढवळत ओतावे. घाई केली तर फेस येऊन भांडे उतू जाते. भांडे प्लास्टिकचे घ्यावे, धातूचे नको. त्याआधी कातड्याच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा आणि चरबी पूर्ण सोलून काढलेली हवी, नाहीतर अर्क आत जिरतच नाही. केस भिजू द्यायचे नसतील तर त्याच पाण्यात पीठ कालवून लापशी करावी आणि ती फक्त मांसाच्या बाजूला लावावी. कातडे अर्धवट सुकत आले की टेबलाच्या बोथट कडेवर पुढे-मागे ओढत राहावे, आणि ते पूर्ण वाळेपर्यंत थांबू नये. मऊपणा येतो तो या ओढण्याने; निवांत वाळू दिलेले कातडे पापडासारखे कडक होते.

आता मुख्य अडचण. तुरटीने कमावलेले कातडे पाण्यात टिकत नाही. भरपूर भिजले की तुरटी धुपून जाते आणि वाळल्यावर पुन्हा कच्च्या कातड्यासारखे कडक होते. स्कॉटलंडमधले उन्हाळ्यातले लग्न आणि पाऊस यांचे नाते मी आपल्याला सांगायला नको. तेव्हा माझा सल्ला असा, की दर्शनी भागासाठी कारखान्यात कमावलेले शेळीचे कातडे विकत घ्यावे आणि आपल्या सशाचे गोंडे करावेत. गोंड्यावर भार नसतो, घासणूक कमी असते आणि भिजलाच तर नवा लावता येतो.

तांबडी माती

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे चप्पलसाठी कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात, आणि ते पावसाने कडक होत नाही. मग फर त्याच पद्धतीने का कमावू नये? धागाकर्त्यांनी पाठीचे चामडे सालीच्या अर्कातले सांगितले आहे, पण दर्शनी भाग मात्र कारखान्याचा. यात काही तर्क आहे का, की केवळ सोय?

आरी-दाभण

तर्क आहे. साल आणि हिरड्याच्या अर्काने केसांसकट कातडे कमावता येते आणि काही जण तसे करतातही. मात्र हा अर्क कातड्यात सावकाश मुरतो. चपलेच्या कातड्याचे केस चुन्याच्या पाण्यात घालून आधीच काढून टाकलेले असतात, त्यामुळे तेथे उशीर झाला तरी बिघडत नाही. येथे मात्र अर्क मुळांपर्यंत पोचण्याआधीच केस सुटण्याचा धोका असतो. शिवाय अर्काची तपकिरी झाक केसांवर चढते. काळ्या शेळीला ती कळत नाही, पांढऱ्या सशाचा मात्र चहा होतो. पाठीच्या चामड्याला मात्र हीच कमावणी हवी, कारण ते ओले करून हवे तसे वळवता येते आणि वळण धरून ठेवते. आपल्याकडच्या चामड्याची पाठ झकास होईल. फक्त त्याला तेल जरा अधिक पाजावे.

तांबडी माती

पटले. एक भर घालतो. कोल्हापुरी चपलेवरची वेणी शेळीच्या पातळ चामड्याच्या बारीक वाद्यांची असते. गोंडे ज्या वादीने लोंबतात ती साधी न ठेवता तशी वेणी घातली तर शिवणटिपणताईंच्या मुलाच्या स्पोरनावर आपल्या मातीची खूण राहील, आणि वेणी एकेरी वादीपेक्षा टिकतेही जास्त. वाद्या कापायला रापी, म्हणजे चांभाराचे चामडे कापायचे हत्यार, असेल तर उत्तम, नसेल तर पोलादी पट्टी आणि नवे पाते चालेल. वेणी घालण्यापूर्वी वाद्या ओलसर कराव्यात, म्हणजे विण घट्ट बसते.

पिंपळपान

कारागिरीविषयी आदर ठेवून विचारतो. आजच्या काळात एका लग्नासाठी प्राण्याचे कातडे वापरण्याची गरज काय? कृत्रिम फर मिळते. हौसेपायी जीव जाणे मला पटत नाही.

शिवणटिपण

आपला मुद्दा मीही घरात ऐकला आहे, सूनबाईंकडूनच. माझ्याकडची कातडी खाण्यासाठी मारलेल्या सशांची आहेत, खाटिकाकडे ती कचऱ्यात जाणार होती. केवळ फरसाठी प्राणी मारणे मलाही मान्य नाही.

आरी-दाभण

पिंपळपान, फरसाठी प्राणी पाळण्यावर इंग्लंड आणि वेल्समध्ये २००० च्या कायद्याने आणि स्कॉटलंडमध्ये २००२ च्या कायद्याने बंदी आली. विक्रीवर तशी सरसकट बंदी नाही. म्हणून विकत घेताना कातडे कोठून आले हे विचारणे ग्राहकाच्याच अंगावर येते. शेळी आणि वासराचे कातडे मांस-दुधाच्या व्यवसायातून येते, हेही ती सुचवण्याचे एक कारण आहे. आपल्याला तेही नको असेल तर संपूर्ण चामड्याविना, जाड लोकरी कापडाचे स्पोरनही करता येते. कृत्रिम फर मात्र मी सुचवणार नाही: तिचे तंतू घासून गुठळ्या होतात आणि त्या विंचरून निघत नाहीत. वर सांगितलेली कापण्याची रीत तिलाही तंतोतंत लागू पडते, एवढे खरे.

वकिली नजर

कायद्याचा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहितो, कारण जुन्या पद्धतीच्या स्पोरनांत वापरलेले बरेचसे प्राणी आज संरक्षित आहेत. पाणमांजर आणि रानमांजर यांना स्कॉटलंडमध्ये १९९४ च्या अधिवासविषयक नियमावलीचे संरक्षण आहे, आणि २००७ साली ती कडक झाल्यापासून अशा प्राण्याचे कातडे परवान्याशिवाय बाळगणेही गुन्हा ठरू शकते. त्या वेळी वर्तमानपत्रांनी ‘आता स्पोरनालाही परवाना’ अशा आशयाच्या बातम्या दिल्या होत्या. बिज्जूच्या जातीचा जो बॅजर, त्याच्यासाठी १९९२ चा स्वतंत्र कायदा आहे. मेलेला बॅजर किंवा त्याचा भाग बाळगणे हाच गुन्हा आहे, आणि तो बेकायदा मारलेला नव्हता हे दाखवण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर येते. सीलचे कातडे एके काळी समारंभी स्पोरनात सर्रास असे. युरोपीय संघाने सीलच्या उत्पादनांच्या व्यापारावर घातलेली बंदी २०१० पासून अमलात आली, आणि उत्तर ध्रुवाकडील इनुइट या मूलनिवासी समाजाच्या पारंपरिक शिकारीपुरता अपवाद ठेवला गेला. तेव्हा रस्त्यात मेलेला प्राणी दिसला म्हणून उचलून आणू नये, आणि ऑनलाइन लिलावात ‘जुने कातडे’ एवढेच लिहिलेले असेल तर जातीचा आणि काळाचा लेखी पुरावा मागावा.

दुसरे, भारतात येताना. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि २०१७ पासून मिंक (मुंगसासारखा लहान प्राणी), कोल्हा आणि चिंचिला (उंदरासारखा मऊ फरचा प्राणी) यांच्या फरच्या आयातीवर बंदी आहे. नागपूरच्या स्वागतसमारंभात मुलाला किल्ट घालायचा असेल तर कोल्ह्याच्या फरचे स्पोरन सामानात घालण्याआधी विचार करावा. शेळीच्या कातड्याच्या वस्तूबाबतही विकत घेतल्याची पावती, ज्यावर प्राण्याचे नाव लिहिलेले आहे अशी, जवळ ठेवलेली बरी. सीमाशुल्क अधिकाऱ्याला केस पाहून जात ओळखता येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

उत्तरेचा वारा

वकिली नजर यांचा प्रतिसाद वाचून माझाच प्रश्न पुढे आला. सासऱ्यांच्या माळ्यावर बॅजरच्या डोक्याचे एक जुने स्पोरन सापडले आहे. आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स या पलटणीचे अधिकारी आणि सार्जंट बॅजरच्या डोक्याचे स्पोरन वापरत, आणि घरात त्या पलटणीत नोकरी केलेले पूर्वज आहेत, तेव्हा उगम समजतो. झाकणाचा जबडा निखळला आहे, केसांच्या मुळाशी पांढरट भुकटी आहे. हे घरी दुरुस्त करावे का?

आरी-दाभण

करू नये, आणि ती भुकटी झटकू तर मुळीच नये. प्राण्यांचे डोके टिकवण्यासाठी पूर्वी कातड्याच्या आतल्या बाजूला सोमलाचा, म्हणजे आर्सेनिक या विषाचा, साबण चोळत, आणि ही पद्धत विसाव्या शतकातही बराच काळ चालू होती. भुकटी कदाचित नुसती चरबी किंवा मीठ असेल, पण डोळ्यांनी फरक कळत नाही. हातमोजे घालून ती वस्तू आम्लरहित कागदात गुंडाळून खोक्यात ठेवा, मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि जवळच्या वस्तुसंग्रहालयातल्या जतन विभागाला विचारा. पूर्वजांची नोकरी, पलटण आणि वर्ष यांचे कागद त्याच खोक्यात ठेवले तर वर सांगितलेला कायद्याचा प्रश्नही सोपा होतो.

शिवणटिपण

शेळीचे काळे कातडे मागवले आणि पुठ्ठ्याचा नमुना मुलाच्या कमरेला बांधून पाहिला. तो म्हणतो, चार बोटे फार खाली वाटतात. आणखी दोन शंका. गोंडे कसे वळायचे? आणि कमरेची वादी निम्मी साखळीची असते तशी घ्यावी की पूर्ण चामड्याची?

आरी-दाभण

नमुना उभे राहून पाहिलात, आता त्याला जाकीट घालायला सांगा. समारंभी पोशाखात आतल्या वेस्टकोटची कड खाली येते आणि स्पोरन वर घेतले तर त्या कडेखाली अर्धे झाकते. तरीही खटकत असेल तर बोटभर वर घ्या, वादीला भोके अधिक पाडून ठेवली की हा वाद मिटतो.

गोंड्यासाठी सशाच्या कातड्याची आठ सेंटिमीटर लांब आणि चार सेंटिमीटर रुंद पट्टी वर सांगितल्याप्रमाणे पात्याने कापा. केसांचा कल पट्टीच्या रुंदीत, वरून खाली हवा. वेणीच्या टोकाला गाठ मारून ती पट्टीच्या एका टोकाशी मांसाच्या बाजूवर ठेवा, वरच्या कडेला डिंकाची बारीक रेघ ओढा आणि पट्टी गाठीभोवती घट्ट गुंडाळा. शेवटची कड दोन-तीन बारीक टाक्यांनी पक्की करा आणि वर चामड्याची किंवा धातूची टोपी बसवा. तीन गोंडे एकाच कातड्याच्या एकाच भागातून कापावेत, नाहीतर पाठीचा करडा आणि पोटाचा पांढरा शेजारी शेजारी येऊन विजोड दिसते.

साखळी समारंभाला शोभते, पण किल्टच्या लोकरी कापडावर घासून ती कालांतराने पाठीमागे धागे विरवते. किल्ट भाड्याचा असेल तर कदाचित दुकानदारही हरकत घेईल. आपल्याकडे दोन्ही असावे: विधीला साखळी आणि रात्री नाचताना चामड्याची वादी. नाचताना स्पोरन कमरेच्या बाजूला सरकवतात, हे मुलाला आधी सांगून ठेवा, म्हणजे गोंडे वाचतील.

लग्नानंतर भिजलेले असेल तर झटकून, केसांच्या दिशेने विंचरून, हीटरपासून दूर टांगून वाळवा. कपाटात ठेवण्यापूर्वी हवाबंद पिशवीत घालून घरच्या फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे राहू द्या. कसर आणि तिची अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरून चामडे ओले होते.